तिसरा दिवा: लुकलुकणारा की स्थिर?



आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. लोणच्याचा नाही, पर्वातल्या स्वयंपाकाचा नाही, मोटारीच्या मागच्या दिव्याचा आहे. ‘काकी, तुला गाडी चालवता येत नाही, तू ब्रेकच्या दिव्यावर काय लिहिणार?’ असे पुतण्या हसत म्हणाला. त्याचे म्हणणे खरे आहे. मी पस्तीस वर्षे चालवणाऱ्याच्या शेजारीच बसत आले आहे. पण एक गोष्ट त्यालाही मान्य करावी लागली. आपल्या गाडीचा ब्रेकचा दिवा ही अशी वस्तू आहे, की जो मालक तिचे पैसे मोजतो त्याला ती पेटलेली कधी दिसतच नाही. ती दिसते फक्त मागच्या माणसाला. त्यामुळे ती बिघडली तर घरच्यांना पत्ता लागत नाही, आणि परक्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमच्या घरात घडले म्हणून लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. बाहुबलीला दर्शन घेऊन आम्ही दोघे सांगलीला परत निघालो होतो. ओळखीची माणसे भेटली, बोलण्यात वेळ गेला आणि निघायला उशीर झाला. सूर्यास्ताच्या आत घरी पोहोचून जेवायचे, म्हणून मीच ह्यांच्या मागे लागले होते, ‘जरा उचला ना गाडी.’ उसाचा हंगाम ऐन भरात होता. त्या दिवसांत आमच्या भागातला रस्ता मोटारींचा नसतो, ट्रॅक्टरचा असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी हातहातभर बाहेर आलेला ऊस, आणि मागे दिव्याचे नाव नाही. सूर्य खाली आलेला, समोर धूळ. पुढे दिसते ते रस्त्याकडेचे झाड आहे की चालती ट्रॉली, हे कळेपर्यंत ती अगदी जवळ आली. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी ट्रॉलीच्या मागे हातभरावर थांबली. मी णमोकार म्हणायला तोंड उघडले, तेवढ्यात मागून धाडकन आवाज झाला.

मागच्या गाडीत एक तरुण होता. शेजारी त्याची बायको आणि तिच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी. मुलीचे कपाळ समोर आपटले. रक्त बघून आम्ही सगळेच गांगरलो. जयसिंगपूरला दवाखान्यात नेले, चार टाके पडले. माझ्या मानेला नंतर तीन आठवडे पट्टा होता, पण त्याचे मला फारसे काही वाटले नाही. ते चार टाके मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

रस्त्यावर जमलेल्या लोकांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. मागून ठोकणाऱ्याची चूक! तो तरुण बिचारा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘काका, खरंच तुमचा दिवा दिसला नाही हो.’ आम्हाला तो बहाणा वाटला. ठोकणारा दुसरे काय म्हणणार?

पाच दिवसांनी मेकॅनिकने गाडी उघडली. धडक उजव्या कोपऱ्यावर बसली होती, डावा दिवा शाबूत होता. त्यातला बल्ब काढून त्याने ह्यांच्या हातावर ठेवला. आतली तार तुटलेली, काच काळी पडलेली. ‘हा आत्ता गेलेला नाही अण्णा, केव्हाचा गेलाय,’ तो म्हणाला. म्हणजे त्या संध्याकाळी आमच्या गाडीचा ब्रेकचा एकच दिवा पेटला होता, तोही जुन्या, पिवळट पडलेल्या काचेआडून. आमची गाडी सगळ्यात कमी किमतीच्या मॉडेलची. तिला मागच्या काचेपाशी असतो तो तिसरा दिवा मुळात नव्हताच. तो मुलगा खरे बोलत होता.

आपल्याकडे हिंसेचा विचार करताना आधी प्रमाद बघतात. मारायचा हेतू होता का, हा प्रश्न नंतरचा. तू सावध होतास का, हा आधीचा. पाणी गाळून घेणारी, भाजी निवडताना अळी दिसली तर ती हलक्या हाताने बाजूला ठेवणारी मी. सहा महिन्यांत एकदाही गाडीच्या मागे जाऊन दिवा पाहिला नव्हता. कायद्याने चूक त्या तरुणाची असेल, त्याने अंतर ठेवले नव्हते हेही खरेच. पण चारपैकी दोन टाके मी माझ्या खात्यावर लिहिले आहेत.

या पार्श्वभूमीवर पुतण्याने तो दिवा आणला. मागच्या काचेला आतून चिकटवायची एलईडीची लाल पट्टी. ब्रेक दाबला की नुसती पेटत नाही, लुकलुकते. ब्रेकवर पाय असेपर्यंत लुकलुकतच राहते. किंमत अगदी कमी, दोन तारा जोडल्या की काम झाले. ‘काकी, आता आंधळ्यालाही दिसेल,’ तो म्हणाला. मला ते तंतोतंत पटले. हे थोडे कुरकुरले, पण मीच आग्रह धरून तो बसवून घेतला. इतकेच नाही, मंदिरात भेटलेल्या तीन-चार बायकांनाही सांगितले की, तुमच्याही गाडीला बसवा.

आज त्यांतल्या प्रत्येकीला मी फोन करून सांगितले आहे की तिसरा दिवा ठेवा, लुकलुकणे तेवढे काढा. असे का, ते सविस्तर सांगते.

आधी तिसऱ्या दिव्याबद्दल. मागचे दोन दिवे खाली आणि कडेला असतात. रात्री ते तसेही मंद लाल पेटलेलेच असतात. ब्रेक दाबला की ते फक्त अधिक तेजाने पेटतात. जुन्या बल्बमध्ये दोन तारा असत, ५ वॉटची रात्रीच्या दिव्यासाठी आणि २१ वॉटची ब्रेकसाठी. मागच्या माणसाला ‘दिवा आहे’ आणि ‘दिवा वाढला’ यांतला फरक ओळखायचा असतो, तोही पावसात, धुळीत, दमलेल्या डोळ्यांनी. मधला तिसरा दिवा एरवी बंद असतो आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच पेटतो. त्यामुळे त्याचा अर्थ एकच. शिवाय तो उंचावर, मागच्या चालकाच्या डोळ्यांच्या रेषेत असतो. आणि मधल्या गाडीच्या काचांतून तो तिच्याही मागच्या गाडीला दिसू शकतो. म्हणजे रांगेतल्या तिसऱ्या माणसालाही पुढची वर्दी मिळते. खालचा एक बल्ब गेला असला, तर हा राखीव गडी म्हणून उभा असतोच. त्या संध्याकाळी आमच्याकडे तो असता तर, हा विचार मी किती वेळा केला असेल ते मोजलेले नाही.

एलईडीचा आणखी एक फायदा. साध्या बल्बची तार तापून लाल व्हायला क्षणभर लागतो. एलईडी त्याच्या साधारण सेकंदाचा पाचवा भाग आधी पेटतो. पाचवा भाग म्हणजे काहीच नाही असे वाटेल. मी बी.कॉम. असल्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. पाचव्या भागात जवळजवळ साडेचार मीटर. आमची गाडी साडेतीन मीटरची आहे. म्हणजे दिवा लवकर पेटल्याने मागच्याला आमच्या गाडीच्या लांबीपेक्षा जास्त जागा मिळते. धडक बसणे आणि हातभर आधी थांबणे यांत फरक तेवढाच असतो.

आता लुकलुकण्याकडे येते. गंमत अशी की या तिसऱ्या दिव्याची सुरुवातच लुकलुकण्यातून झाली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात जॉन व्होव्होडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने टॅक्सींवर एक प्रयोग केला. तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. ३४३ टॅक्सींना मागे मध्यभागी जास्तीचा दिवा लावला आणि १६० टॅक्सी तशाच ठेवल्या. त्याचा दिवा पिवळसर होता आणि तो उघडझाप करी. ब्रेक जितका जोराचा, तितकी उघडझाप भरभर. दहा महिन्यांनी हिशेब केला तेव्हा दिवा असलेल्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी निघाल्या. चालकांना होणाऱ्या इजा आणि दुरुस्तीचा खर्च हेही जवळपास तितकेच कमी.

पुतण्याने हा आकडा मला विजयी चेहऱ्याने दाखवला. ‘बघ, साठ टक्के!’ मी म्हटले, थांब, जमाखर्चाची वही शेवटच्या पानापर्यंत वाचायची असते.

त्या प्रयोगानंतर अमेरिकेच्या सरकारनेही मोठ्या चाचण्या केल्या आणि १९८६ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीला तिसरा दिवा सक्तीचा केला. पण तो लाल आणि स्थिर. उघडझाप करणारा नव्हे. मग त्याचे फळ किती मिळाले? तिथल्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनने १९९८ च्या अहवालात ते मांडले आहे. १९८७ साली मागून बसणाऱ्या धडकांत घट होती ८.५ टक्के. पुढे वर्षे गेली, रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना तो दिवा आला, आणि १९८९ ते १९९५ या काळात ती घट ४.३ टक्क्यांवर येऊन स्थिरावली.

साठ टक्क्यांचे चार टक्के झाले याचे सगळे कारण सवय हेच आहे, असे मी म्हणणार नाही. एका शहरातल्या टॅक्सी आणि सबंध देशातल्या मोटारी यांची सरळ तुलना होत नाही. मोजण्याची रीतही वेगळी. पण ८.५ चे ४.३ झाले ते त्याच दिव्याचे, त्याच देशात. दिवा तोच, त्याचा उजेडही तेवढाच. कमी झाले ते त्याचे नावीन्य. पहिल्यांदा दिसला तेव्हा लोक दचकले, मग सरावले.

आमच्या अर्थशास्त्राच्या बाईंनी १९७९ साली वर्गात घटत्या उपयोगितेचा नियम शिकवला होता. पहिला लाडू, दुसरा लाडू, पाचवा लाडू. पाचव्या लाडवाची गोडी कमी झालेली नसते, खाणाऱ्याची भूक भागलेली असते. माणसाच्या लक्षाचेही तसेच आहे. रस्त्यावर एकच गाडी लुकलुकत असेल तर नजर तिच्याकडे जाईल. पण माझ्या सांगण्यावरून चार जणींनी, त्यांच्या सांगण्यावरून सोळा जणींनी दिवे लावले आणि उद्या सांगलीच्या पुलावर प्रत्येक गाडी प्रत्येक ब्रेकला लुकलुकू लागली, तर कोणाकडे बघायचे? त्या गर्दीत खरोखर करकचून थांबलेली गाडी वेगळी कशी ओळखायची? ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट आपण नातवंडांना सांगतो. प्रत्येक ब्रेकला लुकलुकणारा दिवा म्हणजे तोच मुलगा. सिग्नलला पाय ठेवला तरी लांडगा, गतिरोधकावर वेग कमी केला तरी लांडगा, भाजीवाल्यापाशी थांबलो तरी लांडगाच.

याचा अनुभव आम्हाला लवकरच आला. दिवा बसवून पंधरा दिवस झाले असतील. कोल्हापुरात एका सिग्नलला थांबलो होतो. मागचा दुचाकीवाला पुढे येऊन खिडकीशी वाकला आणि शांतपणे म्हणाला, ‘मावशी, तुमचा दिवा डोळ्यांत खुपतोय. दोन मिनिटं झाली, समोर बघताच येईना.’ मला वाईट वाटले. दुसऱ्यांदा आमच्याच शेजाऱ्यांनी सांगितले की, संध्याकाळी मागून येताना तुम्ही वळताय की थांबताय तेच कळेना. त्यांचेही बरोबर होते. वळण्याचा दिवा मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करतो, आणि उघडझाप म्हणजे ‘मी वळतोय’ ही भाषा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. त्या दिव्याच्या शेजारीच दुसरा दिवा वेगळ्या तालात लुकलुकू लागला तर मागच्याचा गोंधळ होणारच. ज्याला वाचवण्यासाठी दिवा लावला, त्याच्याच डोळ्यांत आम्ही बोट घालत होतो.

मग पुतण्याने दुसरी बाजूही शोधली, आणि ती मला पटली. उघडझापीला मुळीच जागा नाही असे नाही. युरोपात आणि इतर अनेक देशांत संयुक्त राष्ट्रांचे वाहनांविषयीचे जे नियम पाळतात, त्यांत आणीबाणीच्या ब्रेकसाठी अशी सोय आहे. पण तिच्या अटी कडक आहेत. गाडी ताशी ५० किलोमीटरपेक्षा जास्त वेगात हवी आणि ब्रेक फार जोराचा हवा. तेव्हाच दिवे सेकंदाला साधारण चार वेळा लुकलुकतात आणि जोर ओसरला की आपोआप थांबतात. ब्रेक किती जोराचा ते गाडीची यंत्रणा मोजते. आपल्याकडेही काही नव्या गाड्यांत ही सोय आता येते. म्हणजे व्होव्होडस्कीची मूळ कल्पना, ब्रेक जोराचा तर इशारा जोराचा, पन्नास वर्षांनी शहाणी होऊन परत आली आहे. काचेला चिकटवायच्या आमच्या स्वस्त पट्टीला यातले काही कळत नाही. तिला फक्त तारेत वीज आली एवढेच कळते. भाजीवाल्यापाशी थांबणे आणि ट्रॉलीपासून हातभरावर थांबणे, दोन्ही तिला सारखेच.

दुसरी जागा म्हणजे, वेगाच्या रस्त्यावर जे संथ चालले आहे किंवा बंद पडले आहे, ते. मुनिमहाराजांचा किंवा माताजींचा विहार असतो तेव्हा हिवाळ्यात सकाळी रस्त्यावर धुके असते. मागे श्रावकांची गाडी चालत्या माणसाच्या वेगाने येत असते. ती गाडी लुकलुकलीच पाहिजे, कारण त्या रस्त्याच्या वेगाशी तिचा मेळ नाही. सोबत चालणाऱ्यांनी चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घातलीच पाहिजेत. बंद पडलेला ट्रक, टायर बदलणारी मोटार, यांचेही तसेच. पण नुसता पाऊस आला, बोगदा आला, की चारही दिवे लुकलुकत ठेवून गाडी हाकण्याची जी सवय आपल्याकडे लागली आहे, ती चूक आहे. तुम्ही चालत आहात की थांबला आहात हेच मागच्याला समजत नाही, आणि अनेक गाड्यांत वळण्याचा इशारा त्यात बुडून जातो.

लाल-निळ्या झगमगत्या दिव्यांविषयी तर बोलायलाच नको. ते रुग्णवाहिकेचे, अग्निशमनाचे, पोलिसांचे. २०१७ च्या मे महिन्यापासून मोठमोठ्या पदाधिकाऱ्यांच्या गाडीवरचे लाल दिवेही उतरले. मग आपण आपल्या गाडीच्या मागे हौसेने कशाला मिरवायचे? रुग्णवाहिकेच्या दिव्याला जी वाट मिळते, ती तो दुर्मीळ आहे म्हणून मिळते. तो मान आपण खर्च केला तर उद्या आपल्याच घरचे कोणी त्या गाडीत असेल.

एका वाचक मैत्रिणीने मागे मला विचारले होते, ‘चार टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ तिला मी व्यापाऱ्याच्या घरातले उत्तर दिले. दुकानदार प्रत्येक पोत्यामागे चार टक्के मिळाले तर नाक मुरडतो का? तो पोती मोजतो. तिथल्या सरकारी यंत्रणेने दिव्याचा खर्च आणि वाचलेले नुकसान यांचा ताळेबंद मांडला, तेव्हा खर्चाच्या कितीतरी पट बचत निघाली. आणि आपली पोती किती? २०२२ साली भारतात रस्त्यावर ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले आणि १,६८,४९१ माणसे गेली. त्या अपघातांत दर पाचातला साधारण एक मागून धडक बसल्याचा. अशा डोंगराएवढ्या आकड्यातून चार टक्के कमी झाले तरी किती घरांत संध्याकाळचा स्वयंपाक रोजच्यासारखा होईल, याचा विचार करा. आपल्या धर्मात श्रावकाला अणुव्रत सांगितले आहे, महाव्रत नाही. लहान, पण रोजचे. स्थिर दिवा मला तसा वाटतो. त्याने कोणी दचकत नाही, पण त्याचे काम रोज चालू असते.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. तिसरा दिवा नसेल तर जरूर बसवा. लाल, स्थिर, ब्रेकबरोबरच पेटणारा, बेताच्या उजेडाचा. तारा तोडून जोडण्यापेक्षा माहितगार माणसाकडून नीट काम करून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर ती जिथून घेतली तिथेच आधी विचारा, कारण वायरिंगला परक्याचा हात लागला की पुढे कंपन्या हात वर करू शकतात. पण प्रत्येक ब्रेकला लुकलुकणारी पट्टी लावू नका, लावली असेल तर काढा. आम्ही आमची पट्टी काढली आणि तिच्या जागी साधी, स्थिर पट्टी लावली. दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत न खुपता ती तेवढेच सांगते.

दिवा बसवण्याआधी एक काम मात्र फुकट आहे आणि तेच सगळ्यात महत्त्वाचे आहे. असलेले दिवे पेटतात का ते बघा. एकटी माणसे म्हणतात, मागे कोण उभे राहणार? कोणी लागत नाही. दिवेलागणीला गाडीची पाठ भिंतीकडे करून लावा आणि ब्रेक दाबा. भिंतीवर लाल उजेड पडतो तो आरशात दिसतो. डावीकडे आहे का, उजवीकडे आहे का, मधला पेटला का, एवढे बघायला अर्धे मिनिट लागते. काचा ओल्या फडक्याने पुसा. उसाच्या दिवसांत धुळीने त्या इतक्या माखतात की चांगला बल्बही निम्मा दिसतो. लक्षात राहावे म्हणून मी हे काम चतुर्दशीला जोडले आहे. महिन्यातून दोनदा, दोन्ही चतुर्दशींना, संध्याकाळी ह्यांनी ब्रेक दाबायचा आणि मी मागे उभी राहून म्हणायचे, ‘डावा आहे, उजवा आहे, मधला आहे.’ आमची नात याला दिव्यांची हजेरी म्हणते.

आणि ट्रॉलीवाल्यांना विसरून चालणार नाही. सगळ्यात आधी जिला दिवा नव्हता ती ट्रॉलीच होती. मोटारीला दोनाचे तीन दिवे करण्याची चर्चा आपण करतो, आणि ज्या वाहनाला एकही दिवा नाही ते आपल्या पुढे चालत असते. ज्यांच्या घरी शेती आहे, ज्यांचा ऊस कारखान्याला जातो, अशा बायका माझ्या वाचकांत खूप आहेत. ट्रॉली भरायला लागण्याआधी मागे लाल रिफ्लेक्टर आहेत का, ते उसाच्या पाल्याखाली झाकले गेले नाहीत ना, एवढे घरच्यांना विचारा. ट्रॅक्टरवाला आपल्याच गावचा असतो. त्याला रागावून नव्हे, चहा देताना सांगितले तर तो ऐकतो.

शेवटी एक. दिवा कितीही चांगला असला तरी तो मागच्याचा ब्रेक दाबत नाही. साधू चालताना समोरची चार हात जमीन बघून पाऊल टाकतात, तिला आपण ईर्यासमिती म्हणतो. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात. ताशी ८० च्या गाडीला किती? जाणकार दोन सेकंदांचे अंतर सांगतात, म्हणजे जवळजवळ ४५ मीटर. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात मोजायला लागायचे, दोन सेकंद व्हायच्या आत आपण त्या खांबापाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. पाऊस असेल, अंधार असेल, तर आणखी वाढवायचे. आपल्या भाषेत नको त्या माणसापासून चार हात लांब राहतात. रस्त्यावर हव्या त्या माणसांपासूनही लांबच राहावे.

त्या मुलीच्या वडिलांशी आमचे अजून बोलणे असते. त्यांना आम्ही बल्बची हकिगत सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘काकू, मीही तिला पुढे बसवायला नको होतं.’ त्यांनी त्यांचे दोन टाके उचलले, मी माझे. आता ती मागच्या सीटवर तिच्या खुर्चीत पट्टा लावून बसते.

आणि मी? सूर्यास्त गाठण्यासाठी ‘गाडी उचला’ म्हणणे मी सोडले आहे. उशीर झालाच तर त्या दिवशी जेवण नाही. एका रात्रीच्या उपवासाने कोणाचे काही बिघडत नाही.